लॉकपिकिंगचा सेट घेताना आधी किल्ली बघा, मग हवा

लॉकपिकिंग म्हणजे किल्लीशिवाय कुलूप उघडायचा छंद. त्याचा सेट मागवण्याआधी घरातल्या सगळ्या किल्ल्या टेबलावर पसरा. कपाटाची, गेटची, पडवीची, पंपाच्या खोलीची, कधीच्या हरवलेल्या कुलपाची सुद्धा. दोन जाती लगेच वेगळ्या काढता येतील. एकीच्या कडेवर मुठीपासून टोकापर्यंत करवतीसारखे चढउतार असतात आणि अंगावर लांब खोबणी असते. ही पिन-कुलपाची किल्ली. दुसरीची दांडी जवळजवळ कोरी असते आणि टोकाशी, एका किंवा दोन्ही बाजूंना, पायऱ्या कापलेलं पातं असतं. ही लिव्हर-कुलपाची. एखाद्या किल्लीच्या चपट्या अंगावर नुसते गोल खळगे दिसले तर ती तिसरी जात, डिंपल. तिला सध्या बाजूला ठेवा.

ही वाटणी आधी करायची, कारण बाजारात ‘लॉक पिक सेट’ म्हणून जे मिळतं ते जवळपास सगळं पिन-कुलपासाठी बनवलेलं असतं, आणि आपल्याकडे कडीकोयंड्याला लटकतं ते बऱ्याचदा लिव्हरचं. लिव्हर-कुलपात पत्र्याच्या चकत्या एकावर एक रचलेल्या असतात. प्रत्येक चकती ठरलेल्या उंचीवर आली की सगळ्यांच्या खिडक्या एका रेषेत येतात आणि बोल्टवरची खुंटी त्यातून सरकते. म्हणजे ताण द्यायचा तो बोल्टला, आणि सेटमधल्या चपट्या पट्टीला तिथे धरायला काही सापडतच नाही. त्यासाठी काटकोनात वाकवलेल्या दोन जाड पोलादी तारा लागतात, एक बोल्टवर दाब ठेवायला आणि दुसरी चकत्या एकेक करून उचलायला. छंदाची सुरुवात इथून करू नये. चकत्यांची चाल तारेच्या लांबीतून बोटांपर्यंत फार अंधूक पोचते.

लिव्हर म्हणजे जुनं आणि म्हणून सोपं, असाही एक समज आहे. जुनं हे खरं, सोपं नाही. रॉबर्ट बॅरनने दुहेरी चालीचं लिव्हर-कुलूप १७७८ मध्ये केलं. त्यानंतर १८५१ मध्ये, लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाच्या वर्षी, आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकी कुलूपकाराने चबचं प्रसिद्ध लिव्हर-कुलूप सुमारे २५ मिनिटांत उघडलं. त्याच वर्षी ब्रामाच्या कुलपाला (ते लिव्हरचं नव्हतं) मात्र त्याला १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले. पिन-कुलपाला आजचं रूप मिळालं ते १८६० च्या दशकात, धाकट्या लायनस येलकडून. आज हौशी लोक शिकतात ते मुख्यतः या येलच्या घराण्यावर, आणि पुढचं सगळं त्याच्याबद्दल.

आत नेमकं काय अडतं

किल्ली ज्यात शिरते तो फिरता गोल गाभा, आणि त्याभोवती स्थिर कवच. दोघांना आरपार पाच किंवा सहा भोकं. प्रत्येक भोकात एकावर एक दोन पिना आणि त्यांच्या पाठीवर स्प्रिंग. किल्ली नसताना पाठची पिन निम्मी गाभ्यात, निम्मी कवचात राहते आणि गाभा फिरू देत नाही. बरोबर किल्ली गेली की प्रत्येक जोडीची सांधरेषा गाभ्याच्या कडेशी येते आणि गाभा सुटतो.

पाचही पिना सारख्याच अडत असत्या तर हा छंद जन्मालाच आला नसता. भोकं कधीच अगदी एका ओळीत पाडलेली नसतात. पावसात फुगलेलं लाकडी दार आठवा. ते सगळीकडून घासत नाही. वरच्या एका कोपऱ्यात अडतं. तिथे रंधा मारला की मग बिजागरीच्या बाजूला अडायला लागतं. कुलपात हेच घडतं. गाभ्याला हलका पीळ दिला की पाचांतली एकच पिन घट्ट होते, बाकीच्या स्प्रिंगवर मोकळ्या नाचतात. घट्ट पिन शोधून उचलली की ती सांधरेषेवर बसते, गाभा केसभर फिरतो आणि दुसरी घट्ट होते. पीळ देणारं एक अवजार, म्हणजे टेन्शन टूल, आणि पिना उचलणारं एक, म्हणजे पिक, एवढ्यावर खेळ चालतो. सेटमधले उरलेले नग या दोघांची भावंडं.

जाडी

सेट निवडताना सगळ्यात कामाचा आकडा नगांचा नसून जाडीचा असतो. पिकची पट्टी साधारण तीन जाडींत मिळते: ०.६ मिलिमीटर, ०.५ च्या आसपास आणि ०.३८. विदेशी दुकानांत हेच आकडे इंचाच्या हजाराव्या भागात लिहितात, २५, १९ आणि १५. जाड पट्टी वाकत नाही आणि पिनेची हालचाल स्वच्छ कळवते. पातळ पट्टी अरुंद, नागमोडी फटीतून जाते, पण जोर लावला की आधी स्वतः लवचते, आणि पिन उचलली गेली की पट्टी वाकली हे नव्याला कळत नाही.

स्लायडिंग खिडक्या-दारांच्या ॲल्युमिनियम सेक्शनमध्ये बसतात ते युरो सिलिंडर (दारात आरपार बसणारी लांबट पिन-कुलपं), आणि पितळी लटकती पिन-कुलपं, यांची फट बरीच अरुंद असते. अंदाज हवा असेल तर गॅरेजमध्ये स्पार्क प्लगची फट मोजायला वापरतात ते फीलर गेज आणा आणि एकेक पान फटीत सारून बघा. सरळ पान जिथवर मोकळं जातं त्याहून एक पायरी पातळ पट्टी घ्या. पान घासत, दाबून गेलं तर ते माप धरू नका. आतल्या आडव्या कंगोऱ्यांवर पिक वर-खाली करायला जागा उरत नाही, आणि पिनेचा अडसर कुठला, भिंतीचा कुठला हे कळेनासं होतं. एकच सेट घ्यायचा असेल तर ०.५ च्या आसपासचा घ्यावा. दोन घेता आले तर ०.६ आणि ०.३८.

कोणते नग

पहिल्या वर्षाला एवढं पुरतं: एक आखूड हूक, एक त्याहून उंच हूक, एक अर्धा हिरा म्हणजे टोकाशी त्रिकोण असलेली पट्टी, आणि तीन उंचवट्यांचा एक रेक. यातही निम्म्याहून जास्त काम आखूड हूकच करतो. उंच हूक लागतो तो किल्लीत खोल दरीशेजारी उंच टेकडी असते तेव्हा. आखूड हुकाने मागची पिन उचलायला गेलं तर दांडी पुढच्या पिनेला ढकलते, बसलेली पिन सांधरेषेच्या पलीकडे जाते आणि सगळं पुन्हा शून्यापासून सुरू करावं लागतं. रेक म्हणजे पिनांखालून झरझर मागेपुढे फिरवायचं अवजार. स्वस्त कुलूप त्याने कधीकधी दहा सेकंदांत उघडतं आणि शिकायला काहीच मिळत नाही. सेटमध्ये असू द्यावा, सवय लावू नये.

बावीस, बत्तीस नगांच्या सेटमध्ये रेकच्याच दहा जाती असतात, मोडलेली किल्ली काढायचे दोन काटे असतात, आणि टेन्शनच्या पट्ट्या मात्र दोन-तीन, त्याही एकाच मापाच्या. हे नेमकं उलटं आहे. पिक एक चालेल, टेन्शन टूल चार हवीत.

टेन्शन टूल दोन जागी बसतं. फटीच्या ज्या टोकाला पिना येतात तिथे, किंवा त्याच्या विरुद्ध टोकाला. जुन्या चित्रांतली काटकोनी गोलसर पट्टी विरुद्ध टोकाला बसते आणि अरुंद फटीतली निम्मी जागा खाते. पिनांच्या टोकाला बसणारी सपाट, आखूड नाकाची पट्टी फट मोकळी ठेवते आणि ताण थेट गाभ्याच्या भिंतीला देते. पण तिची जाडी फटीच्या रुंदीला चपखल लागते. म्हणून ०.८, १.० आणि १.२ मिलिमीटर अशा तीन सपाट पट्ट्या आणि चौथी काटकोनी. बसवल्यावर तीन गोष्टी तपासा. पट्टी बोटाने हलवली तर डुगडुगू नये. तिचं नाक पहिल्या पिनेला टेकू नये, टेकत असेल तर कानशीने अर्धा मिलिमीटर कमी करा. आणि तिची कड कवचाला घासू नये. तिसरी चूक सगळ्यांत फसवी, कारण तुमचा सगळा ताण कवचच गिळतं, पिना कधीच अडत नाहीत, आणि माणूस ‘कुलूप भारी आहे’ म्हणून दोन तास घालवतो.

ताण किती? हापूस पिकला का बघताना अंगठा देठापाशी जेवढा टेकवता तेवढा. फळावर डाग पडेल इतका दाब म्हणजे जास्त. जास्त ताणात पाचही पिना घट्ट लागतात, क्रम हरवतो, आणि पिकची टोकं वाकतात. नव्या माणसाचे पिक मोडतात ते बहुतेक वेळा ताणाच्या हाताने. पिकचा हात उगाच बदनाम होतो.

खिशात मावणारे प्रकार

पत्त्याच्या आकाराचं कार्ड मिळतं, त्यातून नग मोडून काढायचे. ते खिशात मावतं, पण मूठच नसते. दहा मिनिटांत बोटांत रुततं आणि कापलेल्या कडेची धार तशीच राहिलेली असते. चाकूसारखा घडीचा सेट दिसायला देखणा. त्याची अडचण बिजागरीच्या स्क्रूची. तो सैल झाला की पिक मुळाशी डुलतं, आणि पिनेची बारीक टिकटिक त्या डुलण्यात विरते. टेन्शन टूल वेगळंच सांभाळावं लागतं. शिवाय समुद्राकाठच्या घरात पुळणीची वाळू कुठे शिरत नाही? बिजागरीत शिरली की करकर सुरू. कापडी गुंडाळी किंवा चेनची छोटी पिशवी, आत प्रत्येक नगाला वेगळा कप्पा, हाच सरावाचा सेट. उघडा-मिटायला अर्धं मिनिट जास्त जातं, एवढाच तोटा.

मुठींबद्दल एक. रबरी किंवा प्लॅस्टिकची खोळ हाताला बरी वाटते, पण मे महिन्यात घामेजलेल्या हातातलं मीठपाणी त्या खोळीखाली जातं आणि तिथेच राहतं. गंज आतून धरतो, वरून दिसत नाही, आणि एक दिवस मूठ हातात आणि पट्टी कुलपात. किनाऱ्यावर रुंद, गोल कडांची उघडी स्टीलची मूठ घ्यावी. फार टोचत असेल तर इलेक्ट्रिशियनकडची गरम केल्यावर आवळणारी नळी बसवा, आणि वर्षातून एकदा कापून नवी घाला.

स्टील आणि खारी हवा

देशावरच्या माणसाने कार्बन स्प्रिंग स्टीलचा सेट घेतला तर त्याला दहा वर्षं काही होणार नाही. वेंगुर्ल्यात किंवा हर्णैत तोच सेट एका पावसाळ्यात तांबूस होतो. कारण मिठात आहे. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच ओलं होतं. बरणीतल्या मिठाला जून-जुलैत पाणी सुटतं ते हेच. अवजारावर बोटांचा घाम वाळून राहिलेला असतो, खिडकीतून आलेले खारे कण असतात. कोरड्या दिवशी ते निरुपद्रवी. पावसात तोच थर खाऱ्या पाण्याचा होतो आणि आठवडेच्या आठवडे ओला राहतो.

स्टेनलेस म्हटलं की झालं, असंही नाही. पिकसाठी मुख्यतः दोन जाती वापरतात. ३०१ मध्ये क्रोमियम १६ ते १८ टक्के आणि निकेल ६ ते ८ टक्के. ती थंड अवस्थेत लाटून कडक केलेली असते. ४२० मध्ये क्रोमियम १२ ते १४ टक्के, आणि ती तापवून, विझवून कडक करतात. किनाऱ्यासाठी ३०१. ४२० वरही खाऱ्या हवेत ठिपके पडतात. चुंबकाने स्टेनलेस ओळखायची युक्ती इथे चालत नाही, कारण लाटून कडक झालेलं ३०१ सुद्धा चुंबकाला थोडं चिकटतं. त्यापेक्षा सेट आला की एका नगाच्या मुठीवर मिठाच्या पाण्याचा थेंब टाकून बशीत रात्रभर ठेवा. सकाळी थेंबाच्या कडेला विटकरी वर्तुळ दिसलं तर ते कार्बन स्टील. मग लगेच धुऊन, तेल लावून, परत पाठवायचं की जपायचं ते ठरवा.

त्याच वेळी बाकीची तपासणीही उरकून घ्या. टोक टेबलाच्या कडेवर दाबून पट्टी सेंटिमीटरभर वाकवा. सोडल्यावर सरळ झाली पाहिजे. कड कापसावरून ओढा. तंतू अडकले तर कापताना राहिलेली धार शिल्लक आहे. ती ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने, मग ८०० आणि शेवटी १५०० ने, लांबीच्या दिशेने घासून काढा. आडवं घासू नका. आडव्या ओरखड्यांतून पट्टी पुढे कधीतरी तुटते, आणि प्रत्येक ओरखडा पिनेवर खोटी टिकटिक देतो.

घरी बनवायची हौस असेल तर गाडीच्या जुन्या वायपरच्या रबरात दोन बाजूंना स्टीलच्या पट्ट्या असतात, त्यांची टेन्शन टूल उत्तम होतात. पिकसाठी ०.६ मिलिमीटरचं हॅक्सॉ ब्लेड. ग्राइंडरवर धरताना दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवायचं. पातं निळं झालं की त्याचा कडकपणा गेला. ३०१ ची तर गंमतच वेगळी: एकदा तापून मऊ पडली की पुन्हा तापवून-विझवून कडक होत नाही.

ठेवायला चामड्याची पिशवी नको. चामडं ओल धरतं, गणपतीपर्यंत त्यावर पांढरी बुरशी येते आणि कमावताना वापरलेल्या क्षारांनी स्टीलवर डाग पडतात. नायलॉनची गुंडाळी, ती रबरी झाकणाच्या हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेलची पुडी. जेल नारिंगी रंगाचं घ्या, ओल भरली की हिरवट होतं. निळ्या प्रकारात कोबाल्टचं क्षार असतं, ते स्वयंपाकघराच्या भांड्यात तापवू नये. वापर झाला की नग गोड्या पाण्याने ओल्या केलेल्या फडक्याने पुसायचे, मग कोरड्या, मग शिवणयंत्राच्या तेलाचं बोट. तेल दिसेल इतकं लावलं तर ते कुलपात उतरतं आणि धूळ धरून पिना चिकटवतं.

खोबरेल तेल मात्र लावू नका, अवजारालाही नाही आणि कुलपालाही नाही. ते सुमारे २४ अंशांखाली थिजतं, म्हणजे पौषातल्या पहाटे कुलपात मेण, आणि जुनं झालं की चिकट राळ. शिमग्याला किंवा चतुर्थीला मुंबईहून आलेल्या माणसाला बंद घराचं कुलूप उघडत नाही, तेव्हा निम्म्या वेळा आत गंजाबरोबर हेच असतं. तसं कुलूप पिकने उघडायला जाऊ नका. पिन गंजून बसलेली असेल तर ती उचलली जात नाही, पिक मोडतं. आधी गंज सुटायचा स्प्रे, मग पाच-सहा वेळा किल्ली आत-बाहेर, मग पीटीएफईचं, म्हणजे टेफ्लॉनचं, कोरडं वंगण. ग्रॅफाइटची पूड कोरड्या गावात ठीक. खाऱ्या ओलीत पितळ आणि स्टीलच्या मध्ये ती गंजाला मदतच करते.

सराव कशावर

स्वतःच्या मालकीच्या आणि वापरात नसलेल्या कुलपावर. जगभर हौशी लोक हे दोन नियम पाळतात आणि दुसऱ्याला कारण तांत्रिक आहे. पिकमुळे पिनांना चरे पडतात, स्प्रिंग दबते. शिवाय गाभा १८० अंश फिरला की पाठच्या पिना किल्लीच्या फटीत घसरू शकतात आणि कुलूप अर्ध्यावर अडकतं. रविवारी संध्याकाळी स्वतःच्या घराच्या दारात हे करून बघायचं काही कारण नाही.

पारदर्शक ॲक्रिलिकचं कुलूप दहा मिनिटं बघायला छान, पण त्याची भोकं इतकी ढिली असतात की तिथला हात खऱ्या कुलपावर चालत नाही. हार्डवेअरच्या दुकानातून साधा युरो सिलिंडर घ्या. दाराला लावायचा एम५ स्क्रू त्याच्या मधल्या भोकात जातो, तोच वापरून लाकडाच्या ठोकळ्यावर उभा करा. पहिल्याच दिवशी पाच पिना कशाला? मागची सर्क्लिप, म्हणजे गाभा जागेवर धरणारी स्प्रिंगची कडी, काढा, किल्ली घालून गाभा थोडा फिरवा आणि बाहेर ढकलताना त्याच्या पाठोपाठ त्याच जाडीची, साधारण १३ मिलिमीटरची, गोल लाकडी दांडी आत सारत राहा. दांडी आणि गाभा यांत फट पडली की स्प्रिंगा माजघरभर उडतात. निघालेल्या पिना ओळीने इडलीपात्राच्या खळग्यांत ठेवा. दोन जोड्या ठेवून कुलूप मिटवा, जमलं की तिसरी घाला. एखाद्या पाठच्या पिनेची कंबर रिळासारखी बारीक असेल तर ती सध्या वेगळी ठेवा. ती घातलेलं कुलूप अर्धवट फिरून थांबतं, उघडल्यासारखं वाटतं, आणि पिन नीट बसवायची तर ताण सैल करून गाभा किंचित मागे येऊ द्यावा लागतो. दुसऱ्या महिन्यातला धडा आहे तो.

सेट घेऊन फिरण्याबद्दल

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम १२२ प्रमाणे सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घरफोडीचं हत्यार कायदेशीर कारणाशिवाय जवळ सापडणं हा गुन्हा आहे, आणि कारण कायदेशीर होतं हे सिद्ध करायची जबाबदारी ज्याच्याजवळ सापडलं त्याची. त्यामुळे ‘पोर्टेबल’ याचा अर्थ घरातून मित्राच्या घरी, दिवसा, सरावाच्या कुलपासकट. रात्रीच्या एस.टी.च्या प्रवासात किंवा बाइकच्या डिकीत कायमचा पडलेला सेट ही विकतची कटकट. कोणाची किल्ली हरवली तर गावातला किल्लीवाला बोलवावा. शेजाऱ्यावर उपकार करायला हौशी माणसाने पुढे होऊ नये.

टोक मोडलं तर

मोडणारच. आधी ताण सोडा. आत दुसरं पिक खुपसू नका, तुकडा मागच्या पिनेखाली जातो. पिना वरच्या अंगाला येतील असा सिलिंडर धरा, तोंड खाली करा आणि लाकडी दांड्याने हलके ठोके द्या. तुकडा तोंडाशी दिसला की टोकदार चिमट्याने ओढा. नाही आला तर ०.३८ चा हूक फटीच्या पिनांविरुद्ध बाजूने, भिंतीला चिकटून आत न्या आणि तुकड्यामागे अडकवून बाहेर ओढा. तेही नाही जमलं तर सर्क्लिप काढून गाभाच बाहेर घ्यायचा, दांडी पाठोपाठ. युरो सिलिंडरवर हे अर्ध्या तासाचं काम आहे. अंगातच रिव्हेट मारून बंद केलेल्या स्वस्त पितळी कुलपात गाभा निघत नाही, ते थेट भंगारात जातं.